माचू पिचूच्या दगडांपेक्षा त्यांच्या मागचं पाणी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पेरूतल्या माचू पिचू या इंकांच्या जुन्या वस्तीच्या भिंती चुना-सिमेंट न वापरता, डोंगराच्या धारेवर, धो-धो पावसात आणि भूकंपाच्या पट्ट्यात पाचशे वर्षं उभ्या आहेत, आणि तुमच्या गावाकडच्या घाटातली, सिमेंटमध्ये बांधलेली दगडी संरक्षक भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात खाली आली. मग इंकांना दगड जोडायची अशी कोणती विद्या येत होती जी आपल्याकडे नाही? तुम्ही पाहिलेल्या एका व्हिडिओत दगड कसल्याशा वनस्पतीच्या रसाने मऊ करून बसवले असं सांगितलंय, ते खरं का, हेही विचारलंय. तुम्ही सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा विचार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं काम डोंगरउतारावरच्या भिंतींचं. सुरुवातीची वर्षं घाटरस्त्यांवर गेली, नंतर जुन्या दगडी बांधकामांच्या डागडुजीकडे वळलो. पेरूला गेलो तेव्हाही माझं लक्ष देवळांपेक्षा भिंतींच्या पायथ्याकडेच जास्त होतं. बरोबरचे लोक वैतागले, ते असो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न दगड कसे जोडले हा नाहीच. भिंतीमागचं पाणी कुठे गेलं, हा आहे. पण ते पटायचं तर आधी दोन समजुती बाजूला साराव्या लागतील.

पहिली समजूत फोटोंमुळे होते. ज्यांच्या सांध्यात सुरीचं पातंही शिरत नाही असे दगड माचू पिचूत आहेत, पण मोजक्या ठिकाणी. सूर्यमंदिराची गोलाकार भिंत, तीन खिडक्यांचं मंदिर, मुख्य मंदिर, राजाच्या निवासाचा काही भाग, बस. बाकीची बहुतेक घरं, कोठारं आणि शेताच्या सगळ्या ताली (उतारावर भिंत घालून केलेले शेताचे टप्पे) ओबडधोबड ग्रॅनाइटच्या डबरात आहेत. घरांच्या भिंतींत तर दगडांमध्ये मातीचा गारा भरलेला आहे. म्हणजे चुना नव्हता हे बरोबर, पण सगळं काही नुसतं दगडावर दगड ठेवून उभं आहे असं नाही. मातीचा गारा पावसात वाहून जातो हे इंकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांची छपरं इचू गवताची, जाड आणि चांगली उभी होती. त्रिकोणी भिंतींतून बाहेर आलेले दगडी खुंटे आणि भोकं पाडलेले दगड आजही दिसतात, ते छपराचं लाकूड बांधायला होते. घर मोकळं पडून छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरतं, गारा धुपतो, मग दगड सुटतात. आपल्याकडच्या ओसाड वाड्यांचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

दुसरी समजूत अशी की हे सगळं पाचशे वर्षं कुणाचा हात न लागता उभं आहे. तसं नाही. तिथल्या अवशेषांच्या रेडिओकार्बन तारखांवरून वस्तीचा काळ साधारण 1420 ते 1530 असा निघतो. पाचाकुती या इंका सम्राटाने ती वसवली असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ती ओस पडली. 24 जुलै 1911 रोजी अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याच्या मदतीने तिथे पोचला. त्याच्याही आधी, 1902 साली, खालच्या खोऱ्यातल्या आगुस्तिन लिसारागाने तिथल्या एका भिंतीवर आपलं नाव आणि साल लिहून ठेवलं होतं. बिंगहॅमच्या 1912 च्या मोहिमेपासून जंगल तोडणं, ढिगारे उपसणं सुरू झालं, आणि विसाव्या शतकात पडलेल्या बऱ्याच भिंती पुन्हा रचल्या गेल्या. आज दिसणारी गवती छपरं तर सगळी अलीकडचीच. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये 'ही भिंत पाचशे वर्षं टिकली' असं लिहिण्याआधी ती मूळची की नंतर रचलेली, हे बघा. माझ्या क्षेत्रात निम्मे चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

पण एक गोष्ट मात्र बिनतोड पुरावा आहे. बिंगहॅम वर आला तेव्हा दोन-तीन शेतकरी कुटुंबं तिथे राहत होती आणि इंकांच्या तालींवर मका-बटाटे पिकवत होती. राज्य बुडाल्यावर पावणेचारशेहून जास्त वर्षांनी, मधल्या काळात कुणी अभियंता न फिरकता, त्या ताली माती धरून उभ्या होत्या. मला देवळांपेक्षा याचं आश्चर्य वाटतं, आणि तुमच्या घाटाशी नातंही याचंच आहे.

व्हिडिओचं एका परिच्छेदात आटपतो. जाँ-पियेर प्रोत्झेन नावाच्या स्थापत्याच्या प्राध्यापकांनी इंकांच्या खाणींमध्ये जाऊन, नदीतले कठीण गोटे हातोड्यासारखे वापरून स्वतः दगड घडवून पाहिले. गोट्याने ठोकत ठोकत पृष्ठभाग सपाट करायचा, कडेला आल्यावर लहान गोटा घ्यायचा, दगड खालच्या दगडावर ठेवून कुठे टेकतो ते बघायचं आणि तेवढाच भाग पुन्हा ठोकायचा. या पद्धतीने काम होतं, आणि बऱ्यापैकी लवकर होतं. शिवाय ठोकल्याच्या खुणा मधे मोठ्या आणि कडेला बारीक, अशा इंकांच्या दगडांवर जिथे तिथे आहेत. वितळवलेल्या दगडावर त्या कशा येतील? आपल्याकडचा कुठलाही जुना पाथरवट दोन मिनिटांत हे सांगेल. हा विषय इथेच सोडू.

आता पाण्याकडे. माचू पिचू समुद्रसपाटीपासून सुमारे 2,430 मीटरवर, दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत आहे. तिन्ही बाजूंनी उरुबांबा नदीचा वळसा, तोही जवळजवळ साडेचारशे मीटर खाली. पाऊस वर्षाला साधारण 1,900 ते 2,000 मिलिमीटर, मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. महाबळेश्वरच्या मानाने एक तृतीयांश म्हणा. पण उतार असे आहेत की वरची माती उघडी पडली तर तो पाऊस सगळी टेकडी नदीत नेऊन टाकेल.

तुमचं सॉईल मेकॅनिक्स झालं असेल, तर हा हिशोब स्वतः करून बघा. 3 मीटर उंचीची भिंत घ्या. मागे वाळूमिश्रित भराव, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन, घर्षणकोन 30 अंश. भराव निचरलेला असेल तर दर मीटर लांबीला सुमारे 27 किलोन्यूटन, म्हणजे पावणेतीन टन रेटा येतो. आता तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने तुंबला असं धरा. पाण्यात बुडालेल्या मातीचा रेटा 12 पर्यंत उतरतो, पण पाण्याचे स्वतःचे 44 त्यात मिळतात. बेरीज 56 किलोन्यूटन, पावणेसहा टन. भिंत तीच, भराव तोच, आणि रेटा दुपटीहून जास्त. भिंतीच्या पायाखालून वर ढकलणारं पाणी यात धरलेलंच नाही. घाटातली बहुतेक भिंत पडते ती या फरकाने पडते. सिमेंटचं प्रमाण कमी होतं, वाळू खराब होती, ही कारणं पेपरात छापून येतात, आणि कधी कधी खरीही असतात. पण पडलेल्या भिंतीमागचा भराव हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा तो चिकट, लाल आणि गच्च भिजलेला निघतो.

इंकांनी हा रेटा वाढूच दिला नाही. केनेथ राईट हे अमेरिकन जलअभियंता आणि अल्फ्रेदो वालेन्सिया सेगारा हे पेरूचे पुरातत्त्वज्ञ यांनी 1990 च्या दशकात माचू पिचूच्या पाण्याचा अभ्यास केला. तालींमध्ये खणून पाहिल्यावर आतली रचना उलगडली. सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि कपच्या, त्यावर बारीक खडी-वाळू, आणि सर्वांत वर पिकाची माती. आज आपण ज्याला फिल्टर मीडिया म्हणतो आणि एस्टिमेटमध्ये ज्याची स्वतंत्र ओळ असते, तोच हा प्रकार. वरच्या मातीत पडलेलं पाणी झिरपत खाली जातं, पण माती दगडात उतरून पोकळ्या बुजवत नाही, कारण मधे वाळूचा थर आहे. खालच्या डबरात पाणी साठत नाही, ते पुढे सरकून भिंतीच्या सांध्यांतून बाहेर पडतं. भिंत मुद्दाम सच्छिद्र आहे. सिमेंटने दरजा बंद केलेली असती तर हा सगळा खटाटोप फुकट गेला असता.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. या तालींना पाटाचं पाणी दिलेलं नाही. पिकाला पाऊस पुरत होता, म्हणून भरावात वरून एक थेंबही जास्त घातला नाही. वस्तीला झऱ्याचं पाणी होतं, पण त्याची वाट वेगळी. माचू पिचू डोंगराच्या उत्तर उतारावरच्या झऱ्यापाशी दगडी भिंत घालून पाणी गोळा केलंय, तिथून 749 मीटर लांबीचा दगडी पाट उतारावरून वस्तीत येतो आणि एकाखाली एक अशा 16 कारंज्यांमधून पडत जातो. पहिलं कारंजं राजाच्या निवासाशेजारी आहे, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी कुणाला ते सांगायला नको. झरा ऋतूप्रमाणे मिनिटाला साधारण 23 ते 125 लिटर देतो. पाट मात्र मिनिटाला 300 लिटर वाहून नेईल असा आहे. दुपटीहून जास्त क्षमता का ठेवली? माझ्या अनुभवात पाट फुटतो तो नेहमी काठावरून वाहिल्यामुळे, आणि उतारावर एकदा पाणी काठावरून गेलं की खालची ताल गेलीच. क्षमता वाढवायला खर्च थोडा होतो, फुटलेला पाट दुरुस्त करायला खूप. पाटाला लागूनच चालण्याजोगी अरुंद ताल ठेवलीय, गाळ काढायला माणूस जावा म्हणून. आपल्याकडच्या किती गटारांना अशी जागा असते?

पावसाच्या पाण्याची व्यवस्था तर याहून जास्त विचारपूर्वक केलेली आहे. शेतीचा भाग आणि वस्तीचा भाग यांच्या मधून एक मोठा चर थेट खाली उतरतो. शेताकडून येणारं पाणी वस्तीत शिरण्याआधी तोडायचं, हा त्याचा उद्देश. वस्तीतल्या भिंतींमध्ये पाणी बाहेर काढायला मुद्दाम सोडलेली सुमारे 130 तोंडं राईट यांच्या पथकाने नोंदवली आहेत. जिन्यांच्या कडेने नाल्या आहेत. मधल्या मोकळ्या चौकाखाली दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा भराव आहे. म्हणजे बांधकामाचा कचरा कुठे टाकायचा आणि चौकातलं पाणी कसं मुरवायचं, हे दोन प्रश्न त्यांनी एकातच सोडवले. एकूण बांधकामाचा सुमारे 60 टक्के भाग जमिनीखाली आहे असा राईट यांचा अंदाज आहे. या आकड्यावर घासाघीस होऊ शकते, पण दिशा बरोबर आहे असं मला वाटतं. पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो वरचा 40 टक्के. पूर्वेच्या उतारावर जंगलात गाडली गेलेली काही कारंजीही याच मंडळींनी शोधली आणि साफ केली, आणि ती पुन्हा वाहू लागली. एवढी शतकं बंद असलेली पाणीपुरवठा योजना गाळ काढताच चालू होणं, हे मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

जागेची निवड हा पुढचा मुद्दा. खालचा खडक ग्रॅनाइट आहे, पण तो अखंड नाही, भेगाळलेला आहे. ब्राझीलचे भूगर्भशास्त्रज्ञ रुआल्दो मेनेगात यांनी 2019 मध्ये मांडलं की माचू पिचू प्रस्तरभंगांच्या (खडकातल्या मोठ्या भेगांच्या) छेदावर वसलेलं आहे आणि ही जागा इंकांनी जाणूनबुजून निवडली असावी. जाणूनबुजून या शब्दाबद्दल मी थोडा सावध आहे. राजाने धार्मिक कारणाने, शिखरांच्या आणि सूर्याच्या दिशा बघून जागा ठरवली असेल आणि दगडाची सोय नंतर लक्षात आली असेल, असंही होऊ शकतं. पण फायदा खरा आहे. भेगाळ खडकात पाणी मुरतं आणि झरेही फुटतात. दगड आधीच तुटलेला असतो, त्यामुळे खाण दूर शोधावी लागत नाही. माचू पिचूची दगडखाण वस्तीच्या आतच आहे, मोठमोठ्या शिळांचा ढीग अजून तिथे पडलेला दिसतो. लोखंडाची पहार नसलेल्या माणसांना एवढा ग्रॅनाइट उभा डोंगर चढवून आणावा लागला असता तर हे शहर झालं नसतं.

भूकंपाचं सांगायचं तर इथे दगड जोडण्याच्या कौशल्याला खरंच श्रेय आहे. इंकांच्या भिंती खाली रुंद, वर निमुळत्या आणि आतल्या बाजूला कललेल्या असतात. दारं, खिडक्या, कोनाडे खाली रुंद आणि वर अरुंद, म्हणजे वरच्या दगडाचा गाळा कमी. कोपऱ्यात दगड एकमेकांत अडकवलेले. सांध्यात कडक गारा नसल्यामुळे हादरा आला की दगड थोडे सरकतात, घासतात, त्यात शक्ती खर्च होते, आणि पोतं हलवलं की दाणे बसतात तसे ते पुन्हा आपापल्या जागी बसतात. 21 मे 1950 च्या भूकंपात कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीतलं सांतो दोमिंगोचं स्पॅनिश चर्च मोठ्या प्रमाणात ढासळलं आणि त्याच्या खालच्या कोरिकांचा या इंका मंदिराच्या भिंती मात्र उभ्या राहून उलट जास्त उघड झाल्या. हे उदाहरण प्रोजेक्टमध्ये घ्या, पण एक ध्यानात ठेवा: ती भिंत राजधानीतल्या सर्वांत पवित्र मंदिराची, सर्वांत उत्तम कामाची आहे. साध्या घराच्या डबराच्या भिंतीला तोच न्याय लावता येणार नाही.

इंकांचंही सगळं जमलं असं समजू नका. माचू पिचूच्या मुख्य मंदिरात एका बाजूची भिंत खचलेली आहे. दगड अप्रतिम घडवलेले, पण कोपरा खाली बसलाय आणि सांधे उघडलेत. खालची जमीन दबली, एवढंच कारण. मला ते दृश्य फार आवडलं, कारण दगडांचं कौशल्य आणि पायाचं कौशल्य वेगवेगळं असतं हे त्याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही. साध्या डबराच्या ताली जागच्या जागी, आणि राजमान्य मंदिर खचलेलं!

आता एक भाग जो अभियांत्रिकीच्या पुस्तकांत येत नाही: देखभालीची माणसं. माचू पिचू हे राजाचं डोंगरावरचं ठिकाण होतं, राजा येऊन-जाऊन असायचा. वर्षभर राहायची ती सेवेतली माणसं. ऐन भरात लोकसंख्या 750 च्या आसपास असावी असा अंदाज आहे. 2023 मध्ये तिथे पुरलेल्या 34 जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही माणसं साम्राज्याच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून, अगदी ॲमेझॉनच्या जंगलाकडूनही आलेली निघाली. म्हणजे तिथे पाट साफ करणारे, छपरं शाकारणारे, ताल ढासळली की दुसऱ्या दिवशी दगड परत लावणारे कायम हजर होते. कोरड्या रचाईच्या भिंतीचा हा मोठा फायदा आहे. ती पडायच्या आधी पोट काढते, दिसते, आणि तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचता येतो. कोकणात गडगा ढासळला की घरचेच दोघं जण संध्याकाळपर्यंत तो उभा करतात. सिमेंटची भिंत शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट दिसते आणि मग एकदम जाते.

आजही ही माणसं लागतातच. दगडांच्या सांध्यातली झुडपं काढणं, शेवाळ-दगडफूल आवरणं, नाल्या मोकळ्या ठेवणं हे काम तिथे सतत चालू असतं. 1983 पासून माचू पिचू जागतिक वारसा यादीत आहे, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. पण वारशाला आज धोका कशाचा, असं मला विचाराल तर मी इंकांच्या भिंतींकडे बोट दाखवणार नाही. 2001 मध्ये जपानी संशोधकांनी मागचा उतार महिन्याला सेंटिमीटरपर्यंत सरकतोय असा इशारा दिला आणि जगभर खळबळ माजली. नंतर इतर पथकांनी केलेल्या मोजणीत हालचाल त्यामानाने फारच कमी निघाली. खरं नुकसान झालं ते खाली. एप्रिल 2004 मध्ये पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात दरड आणि चिखलाचा लोंढा येऊन माणसं दगावली. जानेवारी 2010 च्या पुरात रेल्वेमार्ग वाहून गेला, हजारो पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, आणि एप्रिल उजाडेपर्यंत माचू पिचू बंद होतं. वरची पाचशे वर्षांपूर्वीची वस्ती जागेवर, आणि नदीकाठची कालची हॉटेलं व रूळ पाण्यात. नदीच्या पात्रात आणि ओढ्याच्या तोंडाशी इंकांनी शहर वसवलं नाही, आपण वसवलं.

दुसरं ओझं पावलांचं. 2024 पासून दिवसाला 4,500 जणांना, आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी 5,600 जणांना प्रवेश आहे. ठरलेल्या वेळा, ठरलेले मार्ग. तरीही सप्टेंबर 2023 मध्ये दगडांची झीज पाहून इंतिवताना हा कोरलेला पवित्र दगड, सूर्यमंदिर आणि कंडोर मंदिर या भागांत काही काळ प्रवेश थांबवावा लागला होता. अभियंता म्हणून मला झिजणाऱ्या पायरीपेक्षा दाबून घट्ट होणाऱ्या मातीची जास्त काळजी वाटते. चौकात आणि तालींवर माणसं सतत चालली की वरचा थर घट्ट होतो, पाणी मुरायचं थांबतं, वरून वाहायला लागतं. मग खालची सगळी निचऱ्याची व्यवस्था जागेवर असूनही तिच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणून मार्ग आखून दिलेत याबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रवाशांशी माझं जमत नाही.

आता तुमचा घाट. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे 'इंकांसारखं बांधा' असा सल्ला मी देणार नाही. त्यांची ताल मका सांभाळते, तुमची भिंत बारा चाकी ट्रक सांभाळते. त्यांच्याकडे भेगाळ ग्रॅनाइट. सह्याद्रीत बेसाल्टच्या थरांमध्ये लाल बोलचे (मातकट खडकाचे) मऊ पट्टे येतात, जे ओले झाले की साबणासारखे होतात, आणि वर कुठे जांभा, कुठे कुजलेला खडक. त्यांची एक-एक ताल माणसाच्या उंचीच्या आसपास, अशा पायऱ्या-पायऱ्यांनी उतार तोडलेला; रस्त्याला जागा हवी म्हणून आपण एकच उंच भिंत घालतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो हे तुम्ही वर्गात शिकलातच. शिवाय आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जागा असेल तर एका 6 मीटरच्या भिंतीऐवजी मधे पट्टा सोडून दोन 3 मीटरच्या भिंती मी कधीही पसंत करेन. पण जमीन संपादन करायची असेल तर ते कागदावरच राहतं, हेही पाहिलंय.

मात्र निचऱ्याची गोष्ट परिस्थितीवर अवलंबून नाही. वीप होल, म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर काढायची भोकं, सगळेच ठेवतात, ड्रॉइंगमध्ये असतात म्हणून. पण त्यामागे डबर आणि खडीचा थर नसेल तर ते भोक दोन महिन्यांत चिखलाने बुजतं. खणताना निघालेली माती तिथेच मागे ढकलणं स्वस्त पडतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. मी पाहिलेल्या पडक्या भिंतींपैकी कित्येकींत नळी होती, नळीच्या मागे काहीच नव्हतं. डागडुजीच्या कामातही हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिसतो. एका किल्ल्याच्या तटाखालची जुनी कोरड्या रचाईची भिंत मजबूत करायची म्हणून ठेकेदाराने तिच्या दरजा सिमेंटने भरल्या. दिसायला छान दिसली. पुढच्या पावसात पाण्याला बाहेर यायला वाट राहिली नाही आणि भिंतीने मधोमध पोट काढलं. आम्ही ते सिमेंट छिन्नीने काढून, तेवढा भाग उतरवून, मागे डबर भरून पुन्हा रचला. आत किती चिखल साठला होता ते बघून मुकादमही गप्प झाला.

तेव्हा प्रोजेक्टला विषय घ्यायचाच तर 'इंकांचं दगडकाम' असा मोघम घेऊ नका. त्यावर लिहिलेलं ढीगभर आहे आणि तुम्ही त्यात नवीन काही घालणार नाही. त्यापेक्षा तुमच्या घाटातली पडलेली भिंत आणि तिच्या जवळची एखादी न पडलेली जुनी भिंत निवडा. दोन्हींच्या मागचा भराव चाळून त्यातलं बारीक मातीचं प्रमाण काढा, पाणी किती वेगाने झिरपतं ते मोजा, वर दिलेला रेट्याचा हिशोब दोन्हींना लावा. माचू पिचूच्या तालीचा छेद तुलनेला शेजारी ठेवा. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे. पावसाळ्यात एकदा जाऊन वीप होलमधून खरंच पाणी येतं का तेही बघा, पण दरडीखाली उभं राहून नाही, आणि एकट्याने नाही. भरावाचे नमुने घेण्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यांना लेखी विचारा. विद्यार्थी म्हटलं की ते सहसा नाही म्हणत नाहीत.

तुमच्या भिंतीची उंची, पायाची रुंदी, मागे रस्ता आहे की डोंगर, आणि पडताना ती पायातून सरकली की मधून फुगून फुटली, एवढं कळवा. पायातून सरकली असेल तर मी वर लिहिलेल्यापैकी निम्मं बाजूला ठेवून पायाबद्दल वेगळं बोलावं लागेल.